७० सेकंदांचा खटला

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये विजेता कसा ठरवावा, खेळाडूंना पैसे द्यावेत की नाही, असा कुठलाही वाद पेटला की थोड्याच वेळात १९६६चा नोव्हेंबर साक्षीला बोलावला जातो. १९ नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंगच्या स्पार्टन स्टेडियममध्ये नोटर डेम आणि मिशिगन स्टेट या विद्यापीठांचे दोन अपराजित संघ भिडले आणि सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी मैदानात उतरलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी ऐकून लोक दोन निकाल देऊन मोकळे होतात. पहिला जुना आहे: शेवटच्या ७० सेकंदांत चेंडू हातात असूनही नोटर डेमचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन जिंकायला गेले नाहीत, म्हणजे ते भ्यायले. दुसरा अलीकडचा: ही माणसं खेळाच्या प्रेमाखातर खेळली, पुढे पैसा आला आणि सगळं नासलं. माझ्या मते दोन्ही निकाल चुकीचे आहेत आणि चुकीचं मूळ एकच आहे. आठवण ही साक्ष असते, आणि साक्षीदाराने जे पाहिलं-सोसलं त्यापुरतीच ती ग्राह्य धरायची असते. पार्सेगियन यांचा निर्णय त्या वर्षीच्या नियमांत योग्य होता. दोष नियमांचा होता. आणि ज्या प्रश्नांवर या खेळाडूंच्या आठवणींना खरोखर तोड नाही, ते प्रश्न या वादात कुणी विचारतच नाही.

आधी सामना. या खेळात चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावं लागतं. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चौथा डाऊन फसला तर चेंडू जागच्या जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणून बहुतेक संघ चौथ्या डाऊनला पंट करतात, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब धाडतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला की टचडाऊन होतो; गोलखांबांमधून किक मारून त्याहून कमी गुण मिळतात, तो फील्ड गोल. क्रमवारीत नोटर डेम पहिलं होतं, मिशिगन स्टेट दुसरं, प्रेक्षक ८०,०११. नोटर डेमचा मुख्य धावपटू निक एडी ईस्ट लान्सिंगला आगगाडीतून उतरताना पायरीवरून घसरला, आधीच दुखावलेला खांदा पुन्हा गेला आणि तो खेळलाच नाही. पहिल्याच क्वार्टरमध्ये मिशिगन स्टेटचा बबा स्मिथ हा सहा फूट सात इंचांचा बचावपटू नोटर डेमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, टेरी हॅनरॅटी याच्यावर कोसळला आणि हॅनरॅटीचा खांदा निखळला. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू देणारा सेंटर जॉर्ज गडिकी घोटा दुखावून बाहेर गेला. हॅनरॅटीच्या जागी आलेल्या कोली ओब्रायनला मधुमेहाचं निदान त्याच हंगामात झालेलं. तो इन्शुलिनवर होता. रेजिस कॅव्हेंडरची ४ यार्डांची धाव आणि डिक केनीचा ४७ यार्डांचा फील्ड गोल यांमुळे मिशिगन स्टेट १०-० असं पुढे गेलं. (हवाईचा हा केनी अनवाणी पायाने किक मारायचा, नोव्हेंबरच्या मिशिगनमध्येसुद्धा.) मग ओब्रायनने बॉब ग्लॅडूला ३४ यार्डांचा टचडाऊन पास दिला आणि चौथ्या क्वार्टरच्या पहिल्याच डाऊनला जो अझारोने २८ यार्डांवरून गोल करून बरोबरी साधली. त्यानंतर नोटर डेमच्या टॉम शोनने मिशिगन स्टेटच्या जिमी रेचा पास मध्येच पकडला आणि चेंडू मिशिगन स्टेटच्या १८ यार्ड रेषेपर्यंत, म्हणजे त्यांच्या गोलरेषेपासून १८ यार्डांवर, आणला. जिंकायची खरी संधी ती होती. तीन डाऊनमध्ये नोटर डेम पुढे जाण्याऐवजी २४ यार्ड रेषेपर्यंत मागे ढकललं गेलं आणि अझारोची ४१ यार्डांची किक खांबाच्या किंचित उजवीकडून गेली. तेव्हा घड्याळात ४ मिनिटं ३९ सेकंद होते. पुढे मिशिगन स्टेटचंही जमलं नाही, त्यांनी पंट केला, आणि सुमारे ७० सेकंद उरले असताना नोटर डेम स्वतःच्या ३० यार्ड रेषेवर उभं होतं. तिथून त्यांनी बहुतेक डाऊन धावून खेळले आणि वेळ संपवला.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही, ती नीट मांडली पाहिजे. पहिला मुद्दा: ज्याच्या नावावर पहिला क्रमांक आहे त्याने तो मैदानात सिद्ध करायचा असतो, बरोबरी करून तो राखायचा नसतो. दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. विजेतेपद मतदानाने ठरत होतं, नोटर डेमचा एक सामना अजून शिल्लक होता आणि मिशिगन स्टेटचा हंगाम त्या दिवशीच संपत होता. म्हणजे बरोबरीचा फायदा कुणाला होणार हे पार्सेगियन यांना कळत नव्हतं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. झालंही तसंच: पुढच्या शनिवारी नोटर डेमने सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असं धुऊन काढलं आणि अंतिम मतदानात पहिला क्रमांक मिळवला. तिसरा मुद्दा साक्षीदारांचा. मिशिगन स्टेटचे खेळाडू त्या शेवटच्या मिनिटात समोरच्यांना डिवचत होते, टाइम-आउट घेत होते. ‘आम्ही लढायला उभे होतो आणि ते उभे राहिले नाहीत’ ही भावना त्यांच्यात आयुष्यभर टिकली. नोटर डेमच्या खेळाडूंमध्येही याबद्दल एकमत नव्हतं. आणि चौथा, सगळ्यांत वजनदार मुद्दा म्हणजे नेब्रास्काचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल (हंगामानंतरच्या अशा खास सामन्यांना बोल म्हणतात), नेब्रास्का विरुद्ध मायामी. ४८ सेकंद असताना नेब्रास्काने टचडाऊन केला, धावफलक मायामी ३१, नेब्रास्का ३०. टचडाऊननंतरची एका गुणाची साधी किक मारून ३१-३१ करता आलं असतं आणि अपराजित नेब्रास्काला विजेतेपद जवळपास नक्की होतं. ऑस्बोर्न यांनी दोन गुणांसाठी पास खेळायला लावला. केनी कॅलहूनच्या हाताने तो पास उधळला, नेब्रास्का हरलं, विजेतेपद मायामीला गेलं. तरी ऑस्बोर्न यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. मग तोच मापदंड पार्सेगियन यांना का लावू नये?

लावून बघू. त्यासाठी भावनांच्या आधी यार्ड मोजावे लागतील. १९६६मध्ये कॉलेज फुटबॉलचे गोलखांब गोलरेषेच्या १० यार्ड मागे असायचे आणि किकसाठी चेंडू साधारण ७ यार्ड मागे ठेवला जायचा. म्हणजे डाऊन जिथे सुरू होतो त्या रेषेत १७ मिळवले की किकचं अंतर मिळतं. अझारोची चुकलेली किक २४ यार्ड रेषेवरून होती: २४ आणि १७, बरोबर ४१. तेवढ्याच अंतराचा दुसरा प्रयत्न करायचा तर ओब्रायनला १०० यार्डांच्या मैदानात स्वतःच्या ३० यार्ड रेषेपासून ४६ यार्ड कापावे लागणार होते, सव्वा मिनिटाच्या आत, मुख्य धावपटू आणि पहिला सेंटर नसताना, आणि पास येणार हे गृहीत धरून मागे थांबलेल्या बचावफळीसमोर. दमलेल्या ओब्रायनचे त्याआधीचे बरेचसे पास पोहोचलेच नव्हते. आता उलट बाजू बघा. तो पास मध्येच पकडला गेला असता किंवा चेंडू हातातून सुटला असता तर? नोटर डेमच्या ३० यार्ड रेषेवर मिशिगन स्टेटला चेंडू मिळाला, तर एक यार्डही पुढे न सरकता केनीच्या किकचं अंतर होतं ३० अधिक १७, म्हणजे ४७ यार्ड. त्याच दिवशी त्याने यशस्वी केलेल्या किकचं अंतर नेमकं तेवढंच होतं! एका संघाला ४६ यार्ड जायचं होतं, दुसऱ्याला शून्य. ही बाजू प्रेक्षकांच्या आरोळ्यांत ऐकू येत नाही. बाजूरेषेवर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला मात्र ती दिसलीच पाहिजे, नाही तर तो तिथे कशाला आहे?

याच ७० सेकंदांतल्या आणखी दोन गोष्टी कथेतून गळतात. नोटर डेमसमोर स्वतःच्या ३९ यार्ड रेषेवर चौथा डाऊन आला, एक यार्ड हवा होता. पंट करण्याऐवजी पार्सेगियन यांनी ओब्रायनला चेंडू घेऊन घुसायला सांगितलं आणि तो यार्ड मिळाला. तो फसला असता तर मिशिगन स्टेटला तिथेच चेंडू मिळाला असता. निव्वळ घाबरलेला माणूस हे करत नाही. पुढच्या डाऊनला ओब्रायन पास टाकायला मागे सरकला तेव्हा बबा स्मिथने त्याला ७ यार्ड मागे आडवं केलं. पास खेळला असता तर काय घडलं असतं याचं उत्तर त्या एका डाऊनने दिलं. आणि दुसरी गोष्ट: धावफलक १०-१० असताना, दीड मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला असताना, स्वतःच्याच अर्ध्या मैदानात, चौथ्या डाऊनला मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉहर्टी यांनीही पंट केला होता. त्यांच्यापुढचा हिशेब तोच होता, उत्तरही तेच आलं. मग खटला एकावरच का? कारण शेवटी चेंडू नोटर डेमकडे होता, आणि माणसाला शेवट लक्षात राहतो.

ऑस्बोर्न यांचं उदाहरण याच मोजणीत वेगळं पडतं. दोन गुणांचा प्रयत्न ३ यार्ड रेषेवरून होतो, एकच डाऊन असतो, आणि तो फसला तरी प्रतिस्पर्ध्याला चालून यायची आयती जागा मिळत नाही. जोखीम मोठी होती, पण तिला सीमा होती आणि यशाची शक्यता खरीखुरी होती. ऑस्बोर्न यांचं धैर्य मी कमी लेखत नाही. ते जिथे उभे होते तिथे पार्सेगियन कधीच उभे नव्हते, एवढंच म्हणणं आहे. १९६६मध्ये नोटर डेमला चौथ्या क्वार्टरच्या अखेरीस टचडाऊन मिळाला असता आणि एका गुणाने मागे असताना त्यांनी बरोबरीची किक मारली असती, तर हा आक्षेप मान्य करायला हरकत नव्हती.

आता साक्षीदारांकडे येऊ. खेळाडू खोटं बोलतात असं कुणीही म्हणू नये. पण मैदानातला माणूस काय पाहू शकतो? गार्ड किंवा टॅकल, म्हणजे आघाडीच्या फळीतला खेळाडू, खाली वाकलेला असतो; त्याची नजर समोरच्याच्या खांद्यावर आणि हातावर असते. डाऊन चार-पाच सेकंदांत संपतो आणि त्यातला बहुतेक वेळ तो दुसऱ्या माणसाच्या छातीत डोकं घालून असतो. मागची बचावफळी किती मागे उभी आहे, केनी कुठल्या अंतरावर आहे, क्वार्टरबॅकच्या रक्तातली साखर कुठे आहे, यातलं त्याला काहीच दिसत नाही. त्याला दिसतो समोरच्याचा चेहरा आणि ऐकू येते शिवी. त्यामुळे ‘ते लढायला तयार नव्हते’ ही त्याची आठवण त्या क्षणाच्या अनुभवाबद्दल शंभर टक्के खरी असते आणि निर्णयाच्या योग्यतेबद्दल काहीच सांगत नाही. त्यात पुढचा थर बसतो. त्या शनिवारनंतर वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी पार्सेगियन यांची यथेच्छ टर उडवली. मग दर काही वर्षांनी पुनर्भेटी, मेजवान्या, दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती. प्रत्येक वेळी प्रश्न तोच: शेवटच्या मिनिटाबद्दल काय वाटतं? जो प्रश्न शंभर वेळा विचारला जातो त्याचं उत्तर घासून गुळगुळीत होतं, आणि ज्याबद्दल कुणी विचारत नाही तो पहिल्या तीन क्वार्टरचा खेळ विरून जातो.

याचा उत्तम पुरावा दोन वर्षांनी मिळाला. २३ नोव्हेंबर १९६८ला हार्वर्ड आणि येल हे दोन अपराजित संघ २९-२९ असे बरोबरीत राहिले. हार्वर्डने शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण केले. (हार्वर्डच्या त्या संघात टॉमी ली जोन्स हा पुढे मोठा झालेला नटही होता.) धावफलकाच्या भाषेत निकाल एकच: बरोबरी, दोघेही अपराजित. पण हार्वर्डवाल्यांना तो दिवस विजय म्हणून आठवतो, येलवाल्यांना पराभव म्हणून. आणि १९४६मध्ये याच नोटर डेमने यांकी स्टेडियमवर आर्मी या लष्करी अकादमीच्या संघाशी ०-० अशी बरोबरी केली आणि हंगामाअखेर पहिला क्रमांक पटकावला. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भित्रेपणाचा खटला चालला नाही. एकाच निकालाच्या तीन तऱ्हेच्या आठवणी असतील, तर त्या आठवणींतून निकालाचा न्याय कसा करायचा?

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण अनिर्णित सामन्याची प्रतिष्ठा आपल्याला ठाऊक आहे. १९७९च्या ओव्हल कसोटीत ४३८ धावांचं लक्ष्य होतं. सुनील गावसकरांनी २२१ केल्या, भारत ८ बाद ४२९पर्यंत पोहोचला आणि सामना अनिर्णित राहिला. नऊ धावा कमी पडल्या म्हणून शेवटच्या जोडीला भित्रं म्हणणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. जानेवारी २०२१मध्ये सिडनीला ४०७चा पाठलाग करताना पंत आणि पुजारा बाद झाले, मांडीचा स्नायू दुखावलेला विहारी आणि पाठीने बेजार झालेला अश्विन यांनी जिंकायचा विचार सोडून सामना वाचवला, आणि पुढच्याच कसोटीत ब्रिस्बेनला मालिका जिंकली गेली. जखमी संघ, राखलेली बरोबरी, पुढच्या सामन्यात विजय: नोटर डेमचं याहून वेगळं काय होतं? तिथेही पुढच्या शनिवारी त्याच ओब्रायनच्या हातून ५१-० झाले. रणजी करंडकात तर पहिल्या डावाच्या आघाडीवर बाद फेरीचा निकाल लागतो हे प्रत्येक कर्णधाराला माहीत असतं. १९५८-५९पासून सलग १५ वर्षं करंडक राखणाऱ्या मुंबईने तो नियम ओळखून खेळ केला आणि आपण त्याला खडूसपणा म्हणून मिरवलं. फरक आहे, तोही मान्य करतो. क्रिकेटने अनिर्णित निकालाला आपल्या रचनेत जागा दिली आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बरोबरी नियमाने शक्य होती, पण तिचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. माझा मुद्दा तिथेच येतो.

त्या वर्षीची व्यवस्था बघा. जादा वेळ नव्हता. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत नियमित हंगामातल्या सामन्यांना जादा वेळ १९९६मध्ये आला, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. विजेतेपद पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या दोन वेगवेगळ्या मतदानांतून ठरायचं, आणि १९६६ला दोन्हींची अंतिम क्रमवारी हंगामानंतरच्या बोल सामन्यांआधीच जाहीर झाली. नोटर डेम स्वतःच्याच धोरणामुळे बोल सामने खेळत नसे. १९२५च्या रोझ बोलनंतर ते थेट जानेवारी १९७०मध्ये कॉटन बोलला गेले. मिशिगन स्टेट बिग टेन या आपल्या विद्यापीठ-संघटनेच्या अजब नियमात अडकलं: लागोपाठ दोन वर्षं एकच संघ रोझ बोलला जायचा नाही. ते आदल्या वर्षी गेले होते, म्हणून या वेळी पर्ड्यू गेलं. म्हणजे देशातले पहिले दोन संघ १९ नोव्हेंबरनंतर एकमेकांशी तर सोडाच, तिसऱ्या कुणाशी बोल सामन्यातही खेळू शकत नव्हते. सगळं ओझं ६० मिनिटांवर टाकलं, त्या ६० मिनिटांत निकाल लागला नाही तर काय याची तरतूद केली नाही, आणि मग एका माणसाच्या छातीत हिंमत किती होती याची चर्चा सुरू केली. हे सोयीचं होतं. नियम करणाऱ्यांना त्यामुळे तीस वर्षं काही बदलावं लागलं नाही.

अलाबामाची तक्रार इथेच येते आणि ती झटकून टाकता येत नाही. अलाबामा एकही सामना हरलं नाही, बरोबरीतही राहिलं नाही, शुगर बोलमध्ये नेब्रास्काला ३४-७ हरवून ११-० झालं, आणि तरी तिसऱ्या क्रमांकावर राहिलं. निव्वळ आकड्यांवर हा अन्याय आहे. पण त्या संघात आणि दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या त्याच्या संपूर्ण साउथईस्टर्न संघटनेत १९६६ला मुख्य फुटबॉल संघातून खेळणारा एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पहिला नेट नॉर्थिंग्टन, केंटकीकडून, १९६७ला. देशातल्या गुणवत्तेचा एवढा मोठा भाग दाराबाहेर ठेवून मिळवलेल्या अकरा विजयांना मतदारांनी किती वजन द्यावं? हा प्रश्न मतदानाच्या वेळी उघडपणे विचारला गेला असता तर बरं झालं असतं. मतदानाने विजेता ठरवण्याचा हाच दोष आहे: कारणं कागदावर येत नाहीत.

आणि इथेच खेळाडूंच्या आठवणींची खरी किंमत कळते. मिशिगन स्टेटच्या संघात वीसच्या आसपास कृष्णवर्णीय खेळाडू होते. क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिलचा, जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलिनातल्या अँडरसनचा, बबा स्मिथ टेक्सासमधल्या ब्यूमाँटचा, जीन वॉशिंग्टन टेक्सासमधल्याच ला पोर्टचा. आपल्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाने दार लावलेलं असताना उत्तरेत येऊन खेळलेली ही मुलं. व्यावसायिक संघांनी १९६७मध्ये केलेल्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या आठांत या एका संघाचे चार खेळाडू होते: स्मिथ पहिला, क्लिंट जोन्स दुसरा, वेबस्टर पाचवा, वॉशिंग्टन आठवा. समोर नोटर डेममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू एकच, ॲलन पेज, जो पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. कृष्णवर्णीय मुलाला क्वार्टरबॅकच्या जागेवर उभं करणं म्हणजे त्या काळी काय होतं, दक्षिणेतल्या घरी सुट्टीला गेल्यावर काय ऐकावं लागायचं, वसतिगृहात कुणाची खोली कुणाशेजारी होती, पेजला १९६६च्या साउथ बेंडमध्ये, नोटर डेमच्या गावात, काय अनुभव आला: हे कुठल्याही चित्रफितीत नाही, कुठल्याही डाऊन-तक्त्यात नाही. ते फक्त आठवणींत आहे. शेवटच्या मिनिटाबद्दल मात्र चित्रफीत आहे, तक्ता आहे, यार्ड मोजता येतात. जिथे दुसरा पुरावा भरपूर आहे तिथे आपण आठवण मागतो, आणि जिथे आठवण हाच पुरावा आहे तिथे गप्प बसतो.

‘प्रेमाखातर खेळले’ हा दुसरा निकालही याच कसोटीवर घासून पाहावा. ते प्रेमाखातर खेळले हे खरंच आहे. म्हातारपणी सांगताना त्यांचा आवाज खोटं बोलत नाही. पण त्यावरून ‘म्हणून पैसे देऊ नयेत’ हे कसं निघतं? त्यांना निवड होती कुठे? शिष्यवृत्तीत शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं आणि कपडे धुण्याच्या नावाखाली महिन्याला १५ डॉलर. त्यावर काही घेतलं तर बडतर्फी. ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्दच कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५०च्या दशकात रुळवला, तो मैदानात जखमी झालेल्या मुलाला कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये म्हणून. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन १९५५मध्ये सामन्यात मार लागून मेला, आणि १९५७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला भरपाई नाकारली. विरोधकांचं एक म्हणणं मी मान्य करतो: जुलै २०२१पासून नावावर आणि प्रतिमेवर कमाई करायची मुभा मिळाल्यावर आणि २०२५च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना प्रत्येकी वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटायची परवानगी मिळाल्यावर खेळाडूंची संघबदली बेसुमार वाढली आहे, आणि पोहणं, कुस्तीसारख्या न कमावणाऱ्या खेळांवर टांगती तलवार आहे. या अडचणी खऱ्या आहेत आणि नियमांनी सोडवाव्या लागतील. पण ८०,०११ तिकिटांच्या दिवसाला महिना १५ डॉलरचं प्रेम पुरेसं होतं असं म्हणणं म्हणजे ज्याला मागायचीच बंदी होती त्याच्या न मागण्याला संमती म्हणणं आहे.

शरीराचा हिशेब तर आणखी कठोर आहे. या खेळाची हिंसा नवी नाही. १९०५मध्ये मैदानावर झालेल्या मृत्यूंनंतर कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंदच केला होता आणि १९१५ला तो परत सुरू केला. १९१३मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकायला पोहोचले तेव्हा विद्यापीठाचा संघ नव्हता. पुढे हेल्मेट सुधारलं, कवटी फुटायची थांबली, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा थांबला नाही. शुद्ध न घालवणारे, रोजच्या सरावातले शेकडो छोटे आघात साठत जातात आणि अनेक वर्षांनी सीटीई नावाचा मेंदूविकार दिसू लागतो: आधी स्वभाव बदलतो, मग स्मृती जाते. निदान मृत्यूनंतर मेंदूचे काप तपासूनच पक्कं करता येतं. २०१७ला बोस्टनच्या संशोधकांनी तपासलेल्या २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंपैकी १७७मध्ये तो सापडला. केवळ कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८मध्ये. हे मेंदू लक्षणं दिसल्यामुळे कुटुंबांनी दान केलेले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येणार नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवायलाच हवी. पण बबा स्मिथ २०११मध्ये गेला आणि २०१६मध्ये जाहीर झालं की त्याच्या मेंदूत हाच विकार होता. ज्या सामन्याच्या आठवणी आपण इतक्या हौसेने मागतो, तो खेळच आठवणींची जागा पोखरतो.

म्हणून या खेळाडूंची साक्ष आता वेगळ्या पद्धतीने नोंदवली पाहिजे, आणि ते काम दोन्ही विद्यापीठांनी स्वतःच्या खर्चाने करावं. चित्रफीत आधी दाखवू नये. एकदा पाहिली की पडद्यावरचं दृश्य स्वतःच्या आठवणीची जागा घेतं. आधी कोरा कागद द्यावा आणि डाऊन कुठला, किती यार्ड हवे होते, शेजारी कोण, समोर कोण, हे त्याला काढू द्यावं. प्रत्येक वाक्याला विचारावं: हे पाहिलं, तेव्हा ऐकलं, की नंतर वाचलं? मग डाऊन-तक्ता पुढे ठेवावा आणि शेवटी प्रशिक्षकांची उंचावरून घेतलेली, समालोचन नसलेली फीत. दूरचित्रवाणीची नको, कारण तिच्यातला समालोचक दुसऱ्याचा अर्थ कानात घालतो. फरक पडेल तिथे खेळाडूला दुरुस्त करू नये, दोन्ही नोंदी तशाच ठेवाव्यात. शेवटच्या मिनिटाचा प्रश्न सगळ्यांत शेवटी. त्याआधी घर, गाव, प्रवास, वसतिगृह, दुखापत झाल्यावर कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं आणि किती दिवसांत परत मैदानात उभं केलं, शिक्षण पूर्ण झालं का, आज औषधांचा खर्च कोण देतं. आणि त्याच भेटीत मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी मोफत व्हावी, तिचा अहवाल खेळाडूच्या कुटुंबाच्या हाती पडावा, आणि पुढच्या उपचारांचा खर्च त्या ८०,०११ तिकिटांचं उत्पन्न ज्यांच्या तिजोरीत गेलं त्यांनी उचलावा.